हजारांतली एक शिट्टी

१९ एप्रिल

धाकटे,

एका फुंकरीला एकूण काय पडलं, याचा हिशेब काल दाढी करता करता मांडला. एका उंच माणसाचा शेवटचा सामना. अंतिम मालिकेच्या यादीतलं तुझं नाव, जे अजून गेलेलं नाही पण लटकलंय. आईला दर रविवारी येणारा तुझा फोन, जो आता मी घराबाहेर पडलो की मगच येतो. तुला कसं कळतं हे मी विचारणार नाही. तुझी वहिनी फितूर आहे. आणि फुंकर तरी केवढी? वाढदिवसाची मेणबत्तीसुद्धा धड विझली नसती.

फोनवरचे माझे निरोप तू उघडत नाहीस, म्हणून कागद. कागद फाडायचा म्हटला तरी आधी हातात घ्यावा लागतो.

तू तिथंच होतीस, तेव्हा तुला सामना सांगणं म्हणजे नवरीला लग्नाची तारीख सांगणं. पण माझ्या जागेवरून काय झालं ते तू विचारलंच नाहीस. शेवटची काही सेकंदं उरली होती, पाहुणे एका गुणानं पुढं. तू बास्केटखालच्या रेषेवर. मी पार मागे, मधल्या रेषेपाशी. आपला तिसरा पंच पलीकडच्या अंगाला, आपल्या दोघांच्या मधल्या अंतरावर. यजमानांचा बारक्या आत घुसला, उडाला, आणि पाहुण्यांच्या त्या उंच उंटानं मागून हात घातला. चेंडू बाहेर गेला. हात चेंडूला लागला की बारक्याच्या हाताला, एवढाच प्रश्न होता. मी शिट्टी फुंकली, फाऊलची मूठ वर केली. बारक्यानं दोन्ही फ्री थ्रो आत टाकले, यजमान एका गुणानं जिंकले, पाहुण्यांचा सीझन तिथंच आटोपला. उंटाचा तर कायमचाच, कारण यंदानंतर खेळणार नाही असं त्यानं आधीच सांगितलं होतं.

आपण रिप्ले पाहिला. एकाही कॅमेऱ्यात नीट दिसेना. नीट दिसत नसेल तर दिलेला निर्णय कायम, हा नियम मी केलेला नाही. दुसऱ्या दिवशी संघटनेचा अहवाल आला. निर्णय बरोबर. तुझ्या वहिनीनं मोठ्यानं वाचून दाखवला, आईला ऐकू जावा म्हणून.

तुझा राग अहवालावर नाही, हे मला कळतं. राग कपडे बदलायच्या खोलीतला आहे. निरीक्षकांनी विचारलं, घटना तिच्या पुढ्यात, मग शिट्टी लांबून तुमची कशी? मी म्हणालो, आधी तिनंच फुंकली. फुंकली आणि दाबली. मी ऐकली. तू तेव्हा बूट काढत होतीस. एक बूट पायात, एक हातात, तशीच उठलीस आणि निघून गेलीस.

अगं, मी तुझ्याच बाजूनं बोललो. माझा फाऊल बरोबर ठरला, तर तुझ्या नाकासमोर घडलेला तू सोडलास असा अर्थ होतो. त्यापेक्षा पाहिला, फुंकायला गेली आणि दबकली, हे बरं नाही का? दबकतो माणूस. वीस हजार लोक बोंबलत असताना मीही पूर्वी दबकलोय.

आपल्या कमरेच्या पट्ट्यात तो डबा असतो, शिट्टी वाजली की घड्याळ थांबवणारा. त्यात फक्त माझ्या शिट्टीची नोंद आहे, हेही निरीक्षक म्हणाले. पण अर्धवट फुंकलेली शिट्टी डब्याला कळत नाही. मला कळते. बाबा गेले तेव्हा तू दुसरीत होतीस आणि मी बास्केटखाली उकिडवा बसून खेळाडूंचा घाम पुसायचो. पुसणाऱ्याची नजर फरशीवर. खेळ बघायला मिळायचा नाही, म्हणून मी तो ऐकायला शिकलो. चेंडूवर पडलेला तळवा वेगळा वाजतो, मनगटावर पडलेला वेगळा. याच कानांवर मी इथवर आलो. शाळा तर तुला माहीतच आहे, दोन्ही बाजूंनी समजुतीनं सुटली. आणि तुझी शिट्टी? पहिली परीक्षा पास झालीस तेव्हा मीच तुला दिलेली ती निळी. आधी जरा अडखळते, मग वर चढते. हजार शिट्ट्यांतून काढून दाखवीन. झोपेतसुद्धा ओळखीन.

आई बरी आहे. घशाच्या दुखण्यानंतर आवाज फुटत नाही, म्हणून तिला कुणीतरी एक शिट्टी दिलीय हाक मारायला. सांभाळणाऱ्या बाईंनीच आणली असेल. चहा हवा, शिट्टी. खिडकी लाव, शिट्टी. मी दौऱ्यावरून येऊन दुपारी जरा आडवा होतो की हिचं सुरू. मी म्हटलं, असली भिकार शिट्टी बाजारात मिळते तरी कुठं? तुझी वहिनी स्वयंपाकघरातून म्हणते, उठा पंचसाहेब, फाऊल तुमच्यावरच आहे.

एक ओळ तरी पाठव.

दादा


२७ एप्रिल

धाकटे,

यादी लागली, तू पाहिलीच असशील. अंतिम मालिकेचा मुख्य पंच मी. तुझं नाव राखीव पंचांतही नाही. एवढी वर्षं या यादीसाठी मी जीव टाकला आणि नाव आलं तेव्हा घरात पेढे... जाऊ दे. तुझ्या वहिनीनं 'बरं झालं' एवढंच म्हटलं आणि ती कपडे वाळत घालायला गेली. ओला टॉवेल ती इतक्या जोरात झटकते हे मला माहीत नव्हतं.

निरीक्षकांना फोन केला. तुझं नाव का नाही, विचारलं. ते म्हणाले, फाऊल सुटला असता तर चाललं असतं, नजर कुणाचीही चुकते. पण पाहूनही शिट्टी दाबणारा पंच अंतिम मालिकेला कसा पाठवायचा? हे त्यांना कुणी सांगितलं, ते त्यांनी सांगितलं नाही. गरजही नव्हती.

तुझ्या बाजूनं बोललो असं मी गेल्या पत्रात लिहिलं होतं. ते वाक्य वर जाऊन खोडता येत नाही, नाही तर खोडलं असतं.

आता एक गोष्ट, जी मी गेल्या वेळी लिहायची टाळली. कॅमेऱ्यांना जे दिसलं नाही ते मलाही दिसलं नव्हतं. माझ्यासमोर पाहुण्यांच्या त्या ढोल्याची पाठ होती. कपाट आणून ठेवावं तशी. बारक्या उडाला ते दिसलं, खाली आला ते दिसलं. मधलं सगळं त्या पाठीमागे. मी फाऊल पाहिला नाही. तुझी शिट्टी ऐकली, फटका ऐकला, आणि फुंकली. मग तुझ्याकडे पाहिलं तर तुझा हात खाली. तेव्हाच टेबलाकडे जाऊन 'चुकून वाजली' म्हणायला हवं होतं. असं म्हणणारे पंच मी पाहिलेत. त्यांची आठवडाभर टिंगल होते, मग लोक विसरतात. पण मी टेबलाकडे चालत गेलो आणि चालता चालता फाऊल रचला. उंटाचा नंबर सांगितला. 'हातावर मारला' अशी खूण केली. खूणही कशी, अगदी ठसठशीत, नवशिक्यांना वर्गात दाखवतो तशी.

तू लांब होतीस, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. उंट माझ्याकडे आला. ओरडला नाही. सगळे मला काका म्हणतात, तोही म्हणतो. खाली वाकून अगदी हळू म्हणाला, "काका, कुठं लागला माझा हात? फक्त जागा दाखवा." आणि मी दाखवली. माझ्याच हातावर, मनगटाच्या वर चार बोटं, इथं. त्यानं तिथं नीट पाहिलं, मान हलवली आणि बाकावर जाऊन बसला. त्याला ते खरं वाटलं. मी म्हणतोय म्हणजे लागला असेल, असंच त्याच्या तोंडावर होतं. शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

परवा त्यांच्या हॉलवर माझं काम होतं, तिथं तो आपलं कपाट रिकामं करायला आला होता. मी जिन्याकडे वळणार तेवढ्यात गाठलंच. हस्तांदोलन केलं, माझ्या मनगटाच्या वर चार बोटं हात ठेवला आणि हसत म्हणाला, "इथंच ना काका? बायकोला दाखवलं मी. ती म्हणते, कधी नव्हे ते तुझा हात नेमका कुठंतरी पोचला." मीही हसलो. दोघंही हसलो. घरी येऊन ती जागा मी साबणानं धुतली, वेड्यासारखी.

एवढं सगळं कबूल. पण तुझी शिट्टी मी ऐकली, धाकटे. ते रचलेलं नाही.

दादा


४ मे

धाकटे,

तुझी एक ओळ वहिनीच्या फोनवर आली, तिनं माझ्यापुढे धरली. 'दादाला सांग, मी फुंकली नव्हती.' माझ्या फोनवर नाही, तिच्या. बरोबर आहे.

ओळ वाचून मी काय केलं, हे सांगायला लाज वाटते, पण सगळंच सांगायला बसलोय. मी चिडलो. तुझ्या वहिनीला म्हणालो, घाबरली तेव्हा फुंकली असेल, आता तिलाच आठवत नाही. ती म्हणाली, "तुम्हाला आठवतं, तिला आठवत नाही. तोंड मात्र तिचं." आणि भाजी चिरत राहिली.

मग मी आपल्या तिसऱ्या पंचाला फोन लावला. तो आपल्या दोघांच्या मधे होता, ऐकू आली असेल तर त्यालाही येणार. तो आधी मुलांच्या परीक्षांवर बोलला, मग पाठदुखीवर. शेवटी म्हणाला, मी तर काही ऐकलं नाही हो, पण माझे कान कुठं तुमच्यासारखे. हे तो नम्रपणे म्हणाला की टोमणा होता, मला कळलं नाही. म्हणजे बघ, माझे कान.

आज संघटनेच्या समितीनं बोलावलं होतं. तू अर्ज केला आहेस, हे तिथं कळलं. लांबलचक टेबल, तीन माणसं, पाण्याच्या बाटल्यांची झाकणं कुणीच उघडत नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, प्रश्न साधा आहे. तिचं म्हणणं, फुंकली नाही. डब्यात नोंद नाही. विरुद्ध बाजूला फक्त तुमचा कान. तुम्ही म्हणालात की खात्री नाही, तर तिच्यावरचा शेरा आम्ही काढून टाकतो आणि राखीव पंचाच्या जागी तिचं नाव घालतो. एवढं म्हणायचं होतं, 'खात्री नाही.' लहान मुलालासुद्धा म्हणता येतं.

अध्यक्षांनी वर जोडलं, "पण तुमच्या कानांबद्दल आम्हाला शंका नाही हो."

आणि मी म्हणालो, "मला खात्री आहे."

वाहवा करून घ्यायची सवय झाली की असं होतं. तिथं बसून मला तुझी नोकरी दिसत नव्हती, मला माझे कान दिसत होते. ते खोटे ठरले तर मी कोण? घाम पुसणारा, नजर फरशीवर. त्यांनी सोमवारपर्यंत वेळ दिलाय, विचार बदलला तर कळवा म्हणून. त्यांनाही माझ्या तोंडावर काहीतरी दिसलं असणार.

बाहेर पडलो तर गाडी कुठं लावली ते आठवेना. खालच्या मजल्यावर हिंडत राहिलो. तिथला राखणदार म्हणाला, साहेब, किल्लीचं बटण दाबा, आवाज देईल ती. दाबलं. आवाज माझ्या मागून आला. मी पुढं चालत गेलो होतो.

दादा


८ मे, सोमवार

धाकटे,

आईला आपल्या दोघांच्या भांडणाचं काहीच सांगायचं नाही असं आपण सगळ्यांनी न बोलता ठरवलं होतं. तिला सगळं माहीत होतं. माणसाचा आवाज गेला की लोक त्याच्यासमोर मोकळेपणी बोलतात.

काल दुपारी बाई सुटीवर, वहिनी बाहेर. शिट्टी वाजली, मी उठून गेलो. खुणेनं म्हणाली, बस. मग घोगऱ्या आवाजात, प्रत्येक शब्दाला कष्ट पडत होते तरी, विचारलं की उद्या तू त्या लोकांना काय सांगणार आहेस? मी म्हटलं, आई, खरं तेच सांगणार, मी तिची शिट्टी ऐकली. लेकरासारखा हट्टानं म्हणालो. वर म्हटलं, ती निळी, मीच दिलेली, अडखळून वर चढणारी. ती दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही.

आई माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी मी खोटं बोललो की बघायची तशी नाही. आजारी माणसाकडे बघतात तशी. मग म्हणाली, "तिची शिट्टी? अरे, ती तर माझ्याकडं आहे."

उशीखाली हात घालून काढली. नाडा नवा आहे, बाईंनी बांधलेला. रंग बराचसा उडालाय. पण तोंडाशी तुझ्या दाताचे दोन खळगे आहेत. तू घाबरलीस की चावायचीस, आणि मी ओरडायचो की शिट्टी आहे, बिस्कीट नाही. मी हातात घेऊन कितीतरी वेळ ते खळगे अंगठ्यानं चाचपत बसलो.

सीझन सुरू व्हायच्या आधी आईचा आवाज गेला. बाजारातल्या शिट्ट्यांना दम लागतो, तिला तेवढा नाही. तुझी हलक्या फुंकरीवर वाजते, म्हणून तू काढून दिलीस आणि स्वतः काळी घेतलीस, माझ्याकडे आहे तसलीच. हे तू मला फोनवर सांगितलंही होतंस म्हणे. मी 'हो हो, छान' म्हणालो. आई म्हणते, फोन तिच्याच खोलीत घेतला होता मी. त्यानंतर आपण अख्खा सीझन बरोबर उभे राहिलो, तू माझ्या शेजारी ती काळी शिट्टी फुंकत होतीस, आणि मी मनात निळीच ऐकत होतो.

मग त्या दिवशी मी काय ऐकलं? बुटाची करकर असेल. गर्दीत कुणी पोरानं तोंडानं वाजवली असेल. रात्रभर विचार केला, आणि मला वाटतं तसंही काही नव्हतं. फाऊल असावा असं मला वाटलं, दिसला नव्हता, आणि एकट्यानं फुंकायची छाती नव्हती. सोबत हवी होती, म्हणून तुझी ऐकली. दबकलो तो मी. तेच तुझ्या नावावर लिहून मोकळा झालो.

आज सकाळी समितीकडे गेलो. बसलोच नाही. म्हटलं, फाऊल मी पाहिला नाही. तिनं शिट्टी फुंकली नाही, दाबलीही नाही. मी ऐकलं म्हणालो ती शिट्टी त्या दिवशी आमच्या आईच्या उशीखाली होती. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, पण रिप्लेनंतर निर्णय कायम झालाय, सामन्याचा निकाल बदलणार नाही. म्हटलं, ठाऊक आहे. उंटालाही फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, "बायकोला काय सांगू आता?" आणि फोन ठेवला. यावेळी हसला नाही.

तुझ्यावरचा शेरा त्यांनी माझ्यासमोर काढला. राखीव पंच म्हणून तुझं नाव आज संध्याकाळी लागेल. माझं यादीतून काढलं, तेही माझ्यासमोरच. पुढच्या सीझनचं नंतर बघू म्हणाले. ज्या सुरात म्हणाले तो सूर मात्र मला अगदी स्वच्छ ऐकू आला.

तू लगेच घरी यावंस असं मी म्हणत नाही. रविवारचा फोन मी घरात असतानाही येऊ दे, एवढंच. मी उचलणार नाही. आईच्या खोलीबाहेर बसेन.

शिट्टी परत पाठवू का, असं आईला विचारलं. तिनं मुठीत घट्ट धरली. तेव्हा ती इथंच राहील. ऑक्टोबरपासून ती आपल्या घरात रोज वाजते आहे. बहुतेक वेळा मी झोपलेलो असतो, आणि तिच्यानंच जागा होतो.

दादा